ताफा, पथक, मेळ की वृंद? एकत्र वाजवणाऱ्यांची नावं आणि त्यांची जमवाजमव

बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. नरगुंदकर भावे चौकातून मारुती गल्ली, रामदेव गल्ली करत ती कपिलेश्वराच्या दिशेनं सरकते, तेव्हा कडेला उभ्या असलेल्या माणसासमोरून थोड्या थोड्या वेळानं वाजवणाऱ्यांचा नवा जमाव जातो. हलगीचा ताफा येतो, मागून मुलींचं झांजपथक, मग ढोल-ताशा, मधेच टाळ-मृदंगवाले, शेवटी बँड. ही नावं आपण न चुकता घेतो. भजन्यांना कुणी पथक म्हणत नाही, हलगीवाल्यांना मंडळ म्हणत नाही, आणि बँडला दिंडी म्हटलं तर लहान पोरही हसेल. सगळे जण एकत्रच वाजवत असतात, मग नावं इतकी वेगळी का?

पहिला अंदाज असा असतो की नाव माणसांच्या संख्येवरून पडतं. तसं ते पडत नाही. तीन माणसांचाही ताफा होतो आणि तीस माणसांचाही. आपल्या भाषेनं नाव ठेवताना बघितलंय ते असं: या माणसांना एकत्र काय आणतं, आणि वाजवताना ती कुणाकडे बघतात किंवा कुणाचं ऐकतात? या दोन प्रश्नांची उत्तरं बदलली की नाव बदलतं, आणि ऐकू येणारा आवाजही बदलतो.

ताफ्यापासून सुरुवात करू. शब्द अरबी-फारसीतून आला. मूळ शब्द 'ताइफा', म्हणजे गट, टोळी. मराठीत तो वाजंत्र्यांना आणि नाच-गाण्याच्या मंडळींना चिकटला, आणि आता तर पुढाऱ्यांच्या गाड्यांचाही ताफा असतो. ताफ्यातल्या माणसांना एकत्र आणतो तो त्यांचा धंदा. सुपारी घेऊन वाजवणारी ही माणसं असतात. कला बहुतेकदा घरातच शिकलेली असते, बापाकडून मुलाकडे आलेली. आपल्याकडे, म्हणजे निपाणी-चिकोडीपासून कोल्हापूरपर्यंतच्या पट्ट्यात, याचा नमुना म्हणजे हलगी, घुमकं आणि कैताळ. हलगी तीक्ष्ण बोलते, घुमकं खाली घुमतं, कैताळाची धातूची चकती दोघांच्या मधली जागा भरते. कुस्तीच्या मैदानात पैलवान हात मिळवतात तेव्हा हलगी ज्या तऱ्हेनं चढते, त्यात कागदावर लिहिलेलं काही नसतं. हलगीवाला पैलवानांकडे बघतो, घुमकंवाला हलगीवाल्याकडे. डाव रंगला की लय वाढते, पैलवान सुटे झाले की उतरते. माणसं थोडी आणि जवळजवळ उभी असल्यामुळे हे शक्य होतं.

इथं थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गावगाड्यात या वाजवणाऱ्यांशिवाय देवाची पालखी हलत नसे, लग्न लागत नसे, आणि तरीही पंगतीत त्यांचं पान लांब मांडलं जायचं. हलगी वाजवणारी बहुतेक घरं ज्यांना समाजानं वेशीबाहेर ठेवलं त्यांची. त्यामुळे 'ताफा' म्हणजे काहीतरी हलकं आणि 'वाद्यवृंद' म्हणजे भारदस्त, ही जी चढउतार आपल्या कानात बसली आहे, ती संगीतातून आलेली नाही. कौशल्याच्या हिशेबानं हलगीवाला कुणाहून कमी नाही.

पथक मात्र लष्करातून आलेला शब्द आहे. मराठेशाहीत सरदाराकडे स्वारांचं पथक असायचं. ढोल-ताशाला, लेझमीला, झांजेला पथक म्हणतात ते ओळ, पोशाख, इशारा आणि सराव यांमुळे. पथकात येणारी माणसं पोटासाठी येत नाहीत. कॉलेजची मुलं, दुकानात काम करणारी, बँकेत नोकरी करणारी असतात, आणि गणपतीच्या आधी काही आठवडे संध्याकाळी सराव करतात. ढोलाच्या एका तोंडावर टिपरू आणि दुसऱ्यावर हाताची थाप, ताशावर दोन बारीक काड्या, पुढे ध्वज, आणि धातूचा घणघणता टोल.

ढोल-ताशाचं गणित समजून घेण्यासारखं आहे, कारण मोठ्या जमावाच्या वादनाचे सगळे प्रश्न त्यात दिसतात. एका ढोलाच्या जागी दहा ढोल आले तर आवाज दहापट होईल असं वाटतं. होत नाही. आवाजाची ऊर्जा दहापट होते, पण मोजमापात ती १० डेसिबलनं वाढते, आणि आपल्या कानाला १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठी वाटते. म्हणजे शंभर ढोल उभे केले तरी ते एका ढोलाच्या चौपट मोठे वाटतील, शंभरपट नाही. ढोलांची संख्या दुप्पट केली की मोजमाप जेमतेम ३ डेसिबलनं पुढे सरकतं. मग एवढे ढोल कशाला? कारण वाढतो तो नुसता मोठेपणा नव्हे. प्रत्येक ढोलाचं पान थोडं वेगळं ताणलेलं असतं, प्रत्येक हात केसभर आधी-नंतर पडतो, आणि या बारीक फरकांमुळे आवाज जाड आणि रुंद होतो. एका ढोलाचा ठोका बिंदूसारखा ऐकू येतो, पन्नास ढोलांचा ठोका भिंतीसारखा येऊन छातीवर आदळतो. व्हायोलिनचंही असंच आहे, तिकडे पुढे येऊच.

ताशे थोडे असूनही ऐकू का येतात, याचंही उत्तर कानातच आहे. माणसाचा कान उंच, टोकदार आवाजांना जास्त संवेदनशील असतो आणि ताशाची तडतड नेमकी तिथे पडते. ढोलाचा आवाज खालचा असतो, त्यामुळे ढोल कितीही असले तरी त्यांच्या डोक्यावरून ताशाची चाल स्वच्छ ऐकू येते. म्हणून चाल ताशा ठरवतो आणि ढोल त्याच्यामागे जातात. थोड्यांनी पुढे व्हायचं आणि पुष्कळांनी मागे राहायचं, ही वाटणी वाद्याच्या स्वभावातूनच ठरलेली आहे.

खरी अडचण अंतराची. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. वेग खूप वाटतो, पण हिशेब करून पाहा. पथक मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत वाजवत असेल, तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. त्या ठोक्याचे ताशावर चार बोल पडत असतील, तर एक बोल सेकंदाच्या आठव्या भागाचा. तेवढ्या वेळात आवाज साधारण ४२ मीटर जातो. म्हणजे चाळीसेक मीटर मागे उभा असलेला ढोलवाला पुढच्या ताशाचं ऐकून वाजवू लागला, तर तो पूर्ण एका बोलानं मागे पडला. त्याचा ढोल पुढच्याला ऐकू येईपर्यंत आणखी एक बोल गेलेला असतो. त्यात आपल्या गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानांची शटरं, आवाज आपटून परत येणार. नुसतं कानावर विसंबलेलं पथक अशा गल्लीत विस्कटलंच म्हणून समजा.

यावर उपाय डोळ्यांचा. प्रकाशाला अंतराची अडचण नाही. पुढे उभा राहून हात वर करणारा, बोटांनी पुढचा ठेका कोणता ते दाखवणारा जो असतो, त्याचं काम शोभेचं नव्हे. मागच्यानं कान जरा बाजूला ठेवायचे आणि त्याच्या हाताकडे बघायचं. ज्या पथकाला हे जमलं ते शंभर माणसं घेऊनही एका हातासारखं वाजतं.

दिंडीनं हाच प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला आहे. आपल्या खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या गावांतून आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे दिंड्या निघतात. पुढे पताका, मग दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या ओळी, मधे मृदंग, त्यामागे वीणेकरी, आणि मागे तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया. दिंडीत माणसांना एकत्र आणतो विठ्ठल. पण वाजवण्याच्या दृष्टीनं पाहिलं तर टाळ वाजवणारा प्रत्येक जण चालतही असतो, आणि पाऊल हीच त्याची लय असते. शेजारच्याचं पाऊल दिसतं, त्याच्या टाळाची उघड-मीट दिसते. त्यामुळे लय ओळीतून पुढून मागे पोचते, कुणा एकाकडे सतत बघावं लागत नाही. पालखी सोहळ्यात हजारोंचा गजर थांबवायचा असतो तेव्हा चोपदार दंड उंच करतो, आणि तिथे पुन्हा डोळेच कामाला येतात.

अशा अनेक दिंड्या ज्या परंपरेखाली येतात तिला वारकरी 'फड' म्हणतात. तमाशाचाही फड असतो आणि उसाचाही, त्यामुळे बाहेरचा माणूस गोंधळतो. बसून भजन करणारे मात्र 'मंडळ'. त्यांची माणसं ठरलेली, वार ठरलेला, देऊळ ठरलेलं. मंडळात वेळेआधी येऊन बघा. पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीक लावून, उजवं तोंड हातोडीनं ठोकून ते पेटीच्या सुरात मिळवतात. ही पाच-दहा मिनिटं मला फार मोलाची वाटतात, कारण मंडळ तिथंच एक होतं. अथणी, रायबागकडच्या कित्येक गावांत घरात कन्नड बोलणारी मंडळी देवळात बसून मराठी अभंग म्हणतात. त्यांच्या तोंडी मंडळाचं नाव 'भजना मेळ' असतं.

हा 'मेळ' शब्द आपल्या सीमाभागात दोन्ही भाषांचा आहे. मराठीत मेळ बसतो किंवा बसत नाही. गणेशोत्सवात पूर्वी मेळे गात. वाद्यमेळ म्हटलं की अर्थ सांगावा लागत नाही. कन्नडमध्ये मेळ म्हणजे सरळ गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा संच: डोळ्ळूचा मेळ, चौंडक्याचा मेळ. डोळ्ळू म्हणजे कुरुब समाजाचा मोठा ढोल. तो बीरप्पाच्या सेवेत वाजतो, आणि सीमेपलीकडे पट्टण कोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत धनगरी ढोल वाजतो तो त्याचाच भाऊ. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जोगत्यांच्या मेळ्यात चौंडकं असतं. त्याची तार ओढली-सोडली की सूर वरखाली होतो, म्हणजे ताल आणि सूर एकाच वाद्यात. आणखी एक नाव आहे, ते मराठी वाचकांना फारसं ठाऊक नसतं: करडी मजल. करडी हा दोन तोंडांचा ढोल. करडी, सनई आणि झांज घेऊन चालणारा हा उत्तर कर्नाटकाचा खास संच आहे. जत्रेत तो पुढे असला की मागून देव येतोय हे न बघता कळतं.

आता जरा मागे जाऊ, कारण आपल्याच मातीत या विषयाचा एक जुना धागा आहे. सौंदत्तीच्या आणि पुढे वेणुग्रामच्या, म्हणजे बेळगावच्या, रट्ट राजांच्या शिलालेखांत 'समधिगतपंचमहाशब्द' अशी पदवी येते. ज्याला पाच महाशब्द मिळाले आहेत, तो. हे पाच शब्द म्हणजे पाच वाद्यांचे आवाज. शिंग, तम्मट (चामड्याचं वाद्य), शंख, भेरी आणि जयघंटा अशी त्यांची यादी दिली जाते. ही वाद्यं एकत्र वाजवून घेण्याचा मान सम्राट आपल्या मांडलिकाला देत असे, आणि मांडलिक तो मान दगडात कोरून घेत असे. एकत्र वाजणाऱ्या वाद्यांचा आवाज ही सत्तेची खूण होती.

तेराव्या शतकात देवगिरीला सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. रट्टांचं राज्य यादवांनी संपवलं ते याच सिंघणाच्या काळात, त्यामुळे शार्ङ्गदेवाचा राजा तोच बेळगावचाही राजा झाला. शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथात 'वृंद' या विषयावर चक्क आकडे आहेत. उत्तम वृंद म्हणजे ४ मुख्य गायक, त्यांच्याबरोबर गाणारे ८, १२ गायिका, ४ बासरीवाले आणि ४ मृदंगवाले, एकूण ३२ माणसं. मध्यम वृंद याच्या निम्मा. आणि उत्तम वृंदापेक्षा मोठा जमाव झाला तर त्याला तो नाव देतो 'कोलाहल'. आज हा शब्द आपण गोंगाटासाठी वापरतो. डीजेच्या भिंतीसमोर उभं राहिलं की मला तो यादी करणारा माणूस हटकून आठवतो.

याहून महत्त्वाचं म्हणजे चांगल्या वृंदाचे सहा गुण तो सांगतो: मुख्याच्या मागे जाणं, आवाज एकमेकांत मिसळणं, ताल-लयीला धरून राहणं, एकाचं तुटलं तर दुसऱ्यानं ते सावरून नेणं, खालच्या-मधल्या-वरच्या तिन्ही सप्तकांत फिरण्याची ताकद, आणि आवाजांचं सारखेपण. चौथा गुण वाचा परत. भजनात एकाला दम लागतो तेव्हा शेजारचा ओळ उचलतो. ढोलवाल्याचं टिपरू निसटलं तर उरलेले ठेका सोडत नाहीत. जमावात वाजवण्याचं सगळं बळ तिथं आहे, आणि ते आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे.

'बँड'बद्दल थोडक्यात. शब्द युरोपातून आला, मूळ अर्थ टोळी, तुकडी. आपल्याकडे तो लष्करी छावण्यांतून शहरात आला, आणि बेळगावला तर मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटरच आहे. लष्करी बँडच्या पुढे उंच दंड घेऊन चालणारा असतो त्याला ड्रम मेजर म्हणतात. तो दंड वर-खाली करून मागच्यांना सुरू करा, थांबा, वळा हे सांगतो. अंतराचा तोच प्रश्न आणि डोळ्यांचाच तोच उपाय. लग्नातल्या बँडनं क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम ही वाद्यं तिथूनच घेतली आणि त्यांवर आपली गाणी बसवली.

राहिला ऑर्केस्ट्रा. प्राचीन ग्रीक नाट्यगृहात रंगमंचासमोरच्या गोल मोकळ्या जागेला हे नाव होतं. तिथे गायक-नर्तकांचा समूह नाचत-गात असे. पुढे युरोपात वाजवणारे त्याच जागी बसू लागले आणि जागेचं नाव माणसांना मिळालं. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी घातलेल्या वाटेवरच्या नाटक कंपन्यांत पुढे ऑर्गन आणि तबला मंचाच्या पायाशी, प्रेक्षकांच्या पुढ्यात बसत. ग्रीकांचीच ती जागा, पण तिथे दोन-तीन माणसं पुरत.

दोन-तीन का पुरत आणि पाश्चात्त्य सिंफनी ऑर्केस्ट्राला ऐंशी-शंभर का लागतात? आपल्याकडे मोठ्या जमावात सगळे एकच गोष्ट वाजवतात: एकच चाल, एकच ठेका. ऑर्केस्ट्रात एकाच वेळी वेगवेगळे गट वेगवेगळे सूर वाजवतात, आणि ते एकमेकांवर बसून एक संगीत होतं. मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिली व्हायोलिन १६, दुसरी १४, व्हिओला १२, चेलो १० आणि डबल बास ८ अशी साठ तंतुवाद्यंच असतात. ट्रंपेट मात्र तीन-चार. हा ढोल आणि ताशाचाच हिशेब आहे: टोकदार आवाज थोडा, मऊ आवाज पुष्कळ. प्रत्येक जण वेगळं वाजवतोय म्हणून ते लिहून द्यावं लागतं, आणि सगळ्यांना एका लयीत ठेवायला समोर एक माणूस लागतो, कंडक्टर. हातात छोटी छडी येण्याआधी काही ठिकाणी तो मोठा दंड जमिनीवर आपटून ताल देई. फ्रान्सच्या दरबारातला संगीतकार ल्युली यानं १६८७ मध्ये असा ताल देताना दंड स्वतःच्या पायावर मारून घेतला, जखम चिघळली आणि तो त्यातच गेला. सिंफनी आणि फिलहार्मनिक यांत काय फरक, असं मुलं विचारतात. वादनात काहीच नाही, ती संस्थांची नावं आहेत. चेंबर ऑर्केस्ट्रा मात्र खरोखर लहान असतो.

भारतीय संगीताचा असा मोठा जमाव करायचा प्रयत्न आकाशवाणीनं १९५२ मध्ये दिल्लीला वाद्यवृंद स्थापून केला, आणि रविशंकर तिथे होते. तो अवघड होता, कारण राग हा गाणारा-वाजवणारा त्या क्षणी फुलवत असतो. चाळीस जणांना एकाच क्षणी एकच सुचणं शक्य नाही. मग चाल आधी बांधून घ्यावी लागते, आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), आंदोलन (सुराचा हलका झोका) सगळ्यांच्या हातून सारखं यावं म्हणून खूप सराव करावा लागतो.

बोली मराठीत मात्र ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमाची गाणी गाणारा स्टेज शो. त्याच कार्यक्रमाच्या कन्नड फलकावर 'रसमंजरी' लिहिलेलं असतं, आणि खऱ्या वाद्यवृंदाला कन्नडमध्ये 'वाद्यगोष्ठी' म्हणतात. मराठी माणूस त्यातलं 'गोष्ठी' वाचून व्याख्यान आहे असं समजतो, तेव्हा जत्रेची पत्रिका दोन भाषांत छापणाऱ्यांनी हे दोन शब्द नीट जुळवावेत. आणि गावात करडी मजल येणार असेल तर मराठी पत्रिकेत 'वाजंत्री' असं मोघम न छापता करडी मजल असंच छापावं, संच ज्या गावाहून आला त्याचं नाव शेजारी द्यावं, आणि वाजवणाऱ्यांच्या मुख्याचं नाव यात्रा कमिटीच्या नावांइतक्याच मोठ्या टाइपात घालावं.